कॉलर, पट्टी आणि माया : एका शिवणीचा इतिहास

आपण ज्याला सरसकट शर्टाची कॉलर म्हणतो, तिच्यात दोन स्वतंत्र भाग असतात. गळ्याभोवती उभी राहणारी अरुंद पट्टी हा पहिला भाग आणि त्या पट्टीवरून बाहेरच्या बाजूस दुमडून पडणारे टोकदार पान हा दुसरा. शिंप्याच्या दुकानात पहिल्याला ‘बँड’ किंवा नुसते ‘पट्टी’ म्हणतात आणि ‘कॉलर’ हे नाव दुसऱ्यासाठी राखून ठेवतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ती कॉलर, पण शर्टाचा भार वाहते ती पट्टी. शर्टावर छापलेला पंधरा किंवा साडेपंधराचा आकडा हे याच पट्टीचे, बटणापासून काजापर्यंतचे, इंचांतील माप असते. तरीही पट्टी दिसू नये म्हणून मागच्या बाजूस कॉलरची रुंदी तिच्यापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेली असते. म्हणजे मोजायची एक आणि मिरवायची दुसरी, अशी ही व्यवस्था आहे.

शिवण शिकणाऱ्या प्रत्येकाला या दोन भागांच्या सांध्याशी कधी ना कधी झुंजावे लागते. आमच्या परिचयाच्या एका जुन्या शिंप्याकडून हे काम आम्ही टप्प्याटप्प्याने समजावून घेतले. आपल्याकडे शिंप्यालाही ‘मास्तर’ म्हणतात, आणि हे संबोधन किती सार्थ आहे याची आम्हा पेशाने मास्तर असणाऱ्यांना तेथे नव्याने प्रचीती आली. त्यांच्या दुकानातील अभ्यासक्रम ठरलेला होता. नवख्या पोराने आधी काजे-बटणे करायची, तुरपाई करायची, मग पायजमा, मग शर्टाच्या बाह्या आणि खिसे. कॉलर सर्वांत शेवटी. “सर, कॉलर शिवायची नसते, बसवायची असते,” असे मास्तर म्हणाले. या एका क्रियापदात त्या कामाचे सारे मर्म आले आहे.

कॉलरच्या पानाचे दोन पदर असतात आणि त्यांना ताठपणा यावा म्हणून आत बकरम घालतात. खालचा पदर वरच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान बेततात. असे केले तरच उलटवल्यावर शिवण खालच्या अंगाला सरकते आणि वरून दिसत नाही. तीन बाजूंनी टीप मारायची. टोकाशी मात्र नेमका काटकोन न साधता एक टाका आडवा घ्यायचा, कारण उलटवल्यावर कापडाला वळायला तेवढी जागा लागते. मग कोपऱ्यातले जादा कापड छाटायचे, टोक बाहेर काढायचे आणि इस्त्री करायची. तयार झालेली कॉलर पट्टीच्या दोन पदरांमध्ये ठेवून पुन्हा टीप मारायची. पट्टी दोन्ही टोकांना कॉलरच्या थोडी पुढे जाते, कारण एका टोकाला काज आणि दुसऱ्याला बटण यायचे असते.

खरी कसोटी यानंतरची आहे. शर्टाचा गळा आत वळलेला असतो आणि पट्टीची कड जवळजवळ सरळ असते. दोन्हींची शिवणरेषा लांबीला सारखी असली तरी कापलेल्या कडा सारख्या नसतात. गळ्याची कड आखूड पडते. नवशिक्या माणूस पट्टी ओढून ताणून ती तूट भरू पाहतो आणि गळ्याला चुण्या पडतात. जाणता शिंपी गळ्याच्या कडेला छोटे छोटे काप देतो, पाठीचा मध्य व खांद्याच्या खुणा जुळवतो आणि कापडाला आपणहून उलगडू देतो. शेवटी पट्टीचा आतला पदर दुमडून साऱ्या कडा पोटात घेतो आणि वरून एक बारीक टीप मारतो. काम चांगले झाले तर त्याची खूण उरत नाही.

शिवणीसाठी सोडलेल्या या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. माया ठेवलेली नसेल तर शिवण उसवते. अवाजवी ठेवली तर कॉलर जाड आणि ओबडधोबड होते. ज्या भाषेत हा शब्द एकीकडे वात्सल्याला, दुसरीकडे ब्रह्माच्या आवरणाला आणि तिसरीकडे शिवणीच्या आत दडलेल्या कापडाला लागू पडतो, त्या भाषेच्या अभ्यासकांनी शिंप्याच्या दुकानाची पायरी अधिक वेळा चढायला हवी होती. नामदेवांची आठवण येथे अपरिहार्य आहे. ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची हत्यारे भक्तीच्या कामी आलेली आहेत. आपल्या वाङ्मयात हा व्यवसाय पाहुणा म्हणून आलेला नाही.

मात्र कॉलर पाहुणीच आहे. अंगरखा आणि बाराबंदी ही आपली जुनी वस्त्रे बंदांनी बांधली जात; त्यांना दुमडणारी कॉलर नव्हती. कॉलर आपल्याकडे इंग्रजी अंमलाबरोबर, कचेरी आणि न्यायालय यांच्या वाटेने आली. तेव्हा दोन भागांच्या या रचनेचा उगम शोधण्यासाठी आपल्याला मुंबई-पुण्याबाहेर, थेट अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या ट्रॉय या गावी जावे लागते.

परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी, की १८२७ साली ट्रॉयमधील हॅना लॉर्ड माँटेग्यू या गृहिणीने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली. शर्ट स्वच्छ असे, मळे ती कॉलर. आणि तेवढ्यासाठी संपूर्ण शर्ट धुवावा लागे. तिने कॉलर स्वतंत्र धुतली आणि पुन्हा जोडली. कथेतील नाट्यमय भाग बाजूला ठेवला तरी पुढचे वास्तव निर्विवाद आहे. ट्रॉयमध्ये सुट्या कॉलरचा प्रचंड उद्योग उभा राहिला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत खपणाऱ्या सुट्या कॉलर व मनगटपट्ट्यांपैकी सुमारे ९० टक्के माल या एका गावात तयार होई. गावाचे टोपणनावच ‘कॉलर सिटी’ पडले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की कॉलर सुटी झाली तेव्हा शर्टाकडे उरली ती फक्त पट्टी. तिला पुढे आणि मागे भोके असत व त्यांतून बिनटाक्याची बटणे घालून खळ दिलेली कडक कॉलर अडकवली जाई. पट्टी शर्टाची, कॉलर बाजाराची, अशी ही विभागणी होती. पुढे दोन्ही पुन्हा एकत्र शिवल्या गेल्या तरी त्यांच्यामधला सांधा राहिला. गळ्याचा घेर उंच होताना आत कलावा आणि कॉलर बाहेर पडावी यासाठी दोन तुकड्यांचा बेत सोयीचा असतो, हे खरेच. पण त्या सांध्याची ठेवण आपल्याला परिचित झाली ती सुट्या कॉलरच्या शतकामुळे.

या शतकाचा इतिहास बहुधा जाहिरातींच्या चित्रांवरून सांगितला जातो. क्लूएट, पीबडी या कंपनीच्या ‘ॲरो’ कॉलरसाठी जे. सी. लायेंडेकर या चित्रकाराने १९०५ पासून पुढे पाव शतक रंगवलेला देखणा, ताठ मानेचा पुरुष त्या काळच्या अमेरिकेचा आदर्श ठरला. पण त्या मानेभोवतीचा पांढरा रंग कोठून येत होता? ट्रॉयच्या धुलाईखान्यांतून. तेथे प्रामुख्याने आयरिश स्थलांतरित स्त्रिया काम करीत. उकळते पाणी, विरंजक रसायने, तापलेली खळ आणि जड इस्त्र्या यांच्या सान्निध्यात बारा-चौदा तास उभे राहून त्या कॉलर धूत, कडक करीत, चमकवीत. १८६४ च्या फेब्रुवारीत केट मुलानी या तरुण कामगार स्त्रीच्या नेतृत्वाखाली सुमारे ३०० धुलाई कामगार स्त्रियांनी संप पुकारला. आठवडाभरातच मालकांनी पगारवाढ मान्य केली. ‘कॉलर लाँड्री युनियन’ ही अमेरिकेतील स्त्रियांची पहिली टिकाऊ कामगार संघटना मानली जाते. १८६८ साली नॅशनल लेबर युनियनने मुलानीला साहाय्यक चिटणीस नेमले.

१८६९ चा संप मात्र फसला. मालक या वेळी एकजुटीने उभे राहिले, आणि बाजारात कागदी कॉलर येऊ लागल्या होत्या. कागदी कॉलर धुवायची नसते. मळली की फेकायची. जी वस्तू धुवावीच लागत नाही, तिची धुलाई बंद पाडून कोणाला वेठीस धरणार? थोड्याच काळात संघटना विसर्जित झाली. कागदी कॉलरचे एकस्व १८५४ साली वॉल्टर हंट या संशोधकाने घेतले होते. याच हंटने १८३० च्या दशकात शिवणयंत्राचा एक नमुना बनवला होता, पण त्याचे एकस्व त्याने त्या वेळी घेतले नाही. हाताने शिवणाऱ्या बायकांचा रोजगार जाईल या भीतीने तो थांबला, असे सांगतात. ही आख्यायिका खरी असेल तर नियतीचा हा खेळ विलक्षण म्हणावा लागेल. शिवणाऱ्या हातांची काळजी करणाऱ्या माणसाच्याच दुसऱ्या शोधाने धुणाऱ्या हातांचे बळ खच्ची केले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे टॉमस हूडची ‘द साँग ऑफ द शर्ट’ ही १८४३ साली ‘पंच’मध्ये आलेली कविता आठवेल. शर्टाच्या भागांची नावे त्या कवितेत पालुपदासारखी फिरतात आणि त्यांत पट्टीचेही नाव आहे. आपल्या वर्गांत ही कविता करुणेचा नमुना म्हणून शिकवली जाते. ती कामाचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येते. एकेका भागाचे नाव घेत जाणे ही त्या शिवणाऱ्या स्त्रीच्या दिवसाची खरीखुरी वेळापत्रिका आहे, हे पट्टी प्रत्यक्ष लावून पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या बाजूने या इतिहासाला मिळालेली सर्वांत मार्मिक नोंद ‘सत्याचे प्रयोग’मध्ये आहे. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टरी करताना गांधींना धोब्याचा खर्च आणि त्याची दिरंगाई परवडेना. कॉलर रोज बदलावी लागे. तेव्हा त्यांनी धुलाईवरचे पुस्तक आणले, ते अभ्यासले आणि कस्तुरबांनाही शिकवले. स्वतः धुतलेली पहिली कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तेव्हा जास्त झालेली खळ तिच्यातून गळत होती आणि सहकारी वकील हसत होते. गांधींना त्याचे काही वाटले नाही. याच प्रकरणात एक प्रसंग थेट महाराष्ट्राशी नाते सांगणारा आहे. गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले असताना (१९१२) त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेले एक उपरणे होते. ते चुरगळले होते आणि जोहान्सबर्गच्या समारंभापूर्वी त्यास इस्त्री हवी होती. गांधींच्या वकिलीवर गोखल्यांचा विश्वास होता. त्यांच्या धोबीकामावर नव्हता. अखेर गांधींनी हट्टाने इस्त्री केली आणि गोखल्यांची पसंती मिळवली.

हा प्रसंग विनोदी म्हणून सांगितला जातो, पण त्यात एक गंभीर अर्थ आहे. ट्रॉयमध्ये कॉलर घालणारा आणि कॉलर धुणारी यांच्यात जो वर्गभेद होता, तो आपल्याकडे जातीच्या रूपाने होता. धुणे, शिवणे, बेतणे ही कामे जन्माने वाटलेली होती. कॉलर घालणाऱ्याने स्वतः कॉलर धुणे म्हणजे ती वाटणी, अल्पशी का होईना, मोडणे होते. ‘पांढरपेशा’ या शब्दात पोशाखाचा पांढरेपणा आहे; तो पांढरा कोण करतो याची चौकशी मात्र त्या शब्दात नाही.

पहिल्या महायुद्धानंतर कडक सुट्या कॉलरची सद्दी संपली. लष्करी गणवेशातल्या मऊ, शिवलेल्या कॉलरची सवय झालेले तरुण परतले आणि त्यांनी खळीचा फास पुन्हा गळ्यात घालण्याचे नाकारले. मात्र शिवलेली पट्टी धुतल्यावर आटे आणि गळा आवळे, ही अडचण होती. क्लूएट कंपनीतीलच सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड आधीच आटवून घेण्याची प्रक्रिया शोधली आणि १९३० साली तिचे एकस्व मिळाले. आपल्याकडील गिरण्यांच्या कापडावर दिसणारा ‘सॅनफराइज्ड’ हा शब्द त्यांच्या नावावरून आलेला आहे. सुट्या कॉलरचा अवशेष आज आपल्याला दिसतो तो न्यायालयात, वकिलांच्या पांढऱ्या कॉलरमध्ये आणि तिच्याखाली लोंबणाऱ्या बँडमध्ये.

दुसरा अवशेष अधिक घरगुती होता. मराठी मध्यमवर्गीय घरांत कॉलर झिजली की ‘उलटून’ घेण्याची रीत होती. पट्टीच्या वरची टीप उसवायची, कॉलर सोडवायची, झिजलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर करून पुन्हा त्याच जागी बसवायची. शर्टाला आणखी वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य लाभे. हे शक्य होई ते कॉलर आणि पट्टी वेगळ्या असल्यामुळेच. हॅना माँटेग्यूने घातलेली कात्री आणि आपल्या आई-आज्यांनी उसवलेली टीप एकाच जागी पडत होती. एका ठिकाणी त्यातून उद्योग उभा राहिला, दुसऱ्या ठिकाणी काटकसर.

तयार शर्टांच्या आजच्या काळात कॉलर उलटून घेणारे जवळपास उरले नाहीत आणि कारखान्यांत एक कामगार दिवसभर फक्त कॉलर, दुसरा फक्त पट्टी शिवत असतो. संपूर्ण शर्ट येणारा कारागीर दुर्मीळ होत चालला आहे. त्याच्याबरोबर माया, टीप, तुरपाई, बेत या शब्दांमागचा अनुभवही जाणार. शब्द कोशात राहतील. पण ज्याने कधी गळ्याच्या कडेला काप दिला नाही, त्याला ‘बेतास बात’ या वाक्प्रचारातील बेताचे माप कसे कळावे?

संस्कृतीच्या इतिहासात वस्त्रांवर पुष्कळ लिहिले जाते. त्यात कोणी काय ल्याले हे असते, कोणी शिवले आणि कोणी धुतले हे क्वचित असते. तो इतिहास पट्टीसारखा आहे. दुमडीखाली झाकलेला, पण ज्याच्यावाचून कॉलर उभी राहत नाही असा. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजही पायमशीन आहे आणि तिच्यावर बसणारे कोणीतरी आहे. प्रकल्पासाठी विषय शोधताना त्यांनी आधी त्या माणसाला प्रश्न विचारावेत, आणि जमल्यास एक कॉलर बसवून पाहावी, असे आम्ही त्यांना सुचवतो.