पाण्याला भिणाऱ्या माणसाचं झाड

दोन वर्षांपूर्वी डेस्कवर ठेवायला मी एक एअर प्लांट आणलं. मुठीत मावेल एवढं, चंदेरी-करड्या पानांचं, ना कुंडी ना माती. दुकानदार म्हणाला, "याला काही लागत नाही, हवेवर जगतं." दर अकरा महिन्यांनी भाडेकरार संपला की सामान बांधणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! मी खरोखरच त्याला काही दिलं नाही. काही महिन्यांनी धूळ पुसायला उचललं, तर ते कागदासारखं हलकं लागलं आणि पानं बोटांत कुडकुडीत मोडली. ते कधी मेलं, हेही मला कळलं नव्हतं.

चूक कुठे झाली हे शोधताना मी थेट सतराव्या शतकात पोचलो.

या झाडांचं शास्त्रीय नाव टिलँड्सिया. ते एलियास टिलँड्झ (1640–1693) याच्यावरून पडलं. जन्माने स्वीडिश असलेला हा माणूस फिनलंडमधल्या तुर्कूच्या विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक होता. 1673 साली त्याने तुर्कूच्या आसपासच्या वनस्पतींची यादी छापली. पण त्याचं नाव टिकलं ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे.

ती गोष्ट कार्ल लिनेअसने सांगितली आहे. तरुणपणी स्टॉकहोमहून तुर्कूला येताना टिलँड्झचा जलप्रवास इतका वाईट झाला, की किनाऱ्याला पाय लागताच त्याने पुन्हा समुद्रावर न जाण्याची शपथ घेतली. आडनावही बदलून 'जमिनीवरून' अशा अर्थाचं घेतलं. पुढे स्वीडनला जायची वेळ आली तेव्हा आठ मैलांचा समुद्र टाळण्यासाठी तो लॅपलंडमार्गे 200 मैलांचा वळसा घालून गेला. मैल स्वीडिश, म्हणजे एकेक सुमारे दहा किलोमीटरचा!

लिनेअसची समजूत अशी, की या झाडांनाही पाणी सोसत नाही. म्हणून त्याने त्यांना टिलँड्झचं नाव दिलं. 1753 साली 'स्पीशीज प्लान्टारम' या त्याच्या ग्रंथात ते नाव आलं. वनस्पतींच्या अधिकृत नामकरणाची सुरुवात याच ग्रंथापासून धरतात. ही झाडं अमेरिका खंडातली. लिनेअस तिकडे कधी गेलाच नव्हता.

जे तिकडे गेले होते, त्यांना वेगळंच माहीत होतं. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर 1670च्या दशकात मेक्सिकोच्या कँपेचे किनाऱ्यावर लाकूडतोड्यांमध्ये राहिला. त्याने लिहून ठेवलंय, की तिथे झाडांवर 'रानटी अननस' वाढतात आणि त्यांच्या पानांत पावसाचं पाणी साठतं. तहान लागली की मुळाच्या जरा वर सुरी खुपसायची आणि पाणी टोपीत धरायचं. टिलँड्सिया खरोखरच अननसाच्या कुळातल्या आहेत.

गंमत म्हणजे लिनेअसने त्याच 1753च्या ग्रंथात एका जातीला 'युट्रिक्युलाटा' म्हटलंय. त्या शब्दाच्या मुळाशी छोट्या पखालीचा अर्थ आहे. आडनाव पाण्याला भिणाऱ्याचं आणि नाव पखालीचं!

आमच्या धंद्यात एखाद्या फंक्शनला चुकीचं नाव पडलं, तर कुणीतरी वैतागून ते बदलतं. वनस्पतीशास्त्रात तसं नाही. नावाचा अर्थ झाडाला लागू पडत नाही, एवढ्यावरून नाव रद्द होत नाही. पण टिलँड्सियाचा अर्थ आज किती जणांना माहीत असतो? 'एअर प्लांट'चा मात्र सगळ्यांना कळतो. जुनी चूक सोप्या भाषेत दुकानात येऊन बसली.

ही झाडं अपिवनस्पती. आपल्याकडच्या आमऱ्यांसारखी, आंब्याच्या खोडावर फुलणाऱ्या सीतेच्या वेणीसारखी. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, या फक्त आधार घेतात. टिलँड्सियाची मुळं फांदी धरून ठेवण्यापुरती. पाणी पितात ती पानं. पानांवरची चंदेरी झाक म्हणजे बारीक खवले. ओले झाले की ते पाणी आत घेतात, सुकले की झाकणासारखे बसतात. शिवाय बऱ्याच जाती पानांवरची छिद्रं रात्री उघडतात, म्हणजे दिवसा उन्हात पाणी उडून जात नाही. पाणी नकोच असतं, तर ते पकडायला आणि राखायला एवढी यंत्रणा कशाला?

तेव्हा आता दर रविवारी मी दुसऱ्या झाडाला अर्धा तास बादलीत बुडवतो. मग उलटं धरून झटकतो, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं तर घरात ते कुजतं. पखालीसारखं पाणी साठवणाऱ्या जाती वेगळ्या, माझी त्यातली नाही. पुढचे चार तास वारा लागेल अशा जागी ठेवतो. बंद काचेच्या बरणीत नाही, दुपारच्या थेट उन्हात नाही, एसीच्या झोतात तर नाहीच. तांब्याची तार चुकूनही बांधत नाही, तांबं त्याला विषारी. एकदा फुललं की मूळ झाड हळूहळू संपतं, पण त्याआधी केळीच्या मुनव्यांसारखी पिल्लं सोडतं.

पाण्यात गेल्यावर खवले पारदर्शक होतात आणि करडं झाड बघता बघता हिरवं दिसू लागतं. पहिल्या झाडाचा हा रंग मी कधी पाहिलाच नाही.