परकीं बंदरें आणि गलबतांची जकात

अकोटहून समुद्र शेंकडों मैल दूर. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या या कापसाच्या गांवीं दर्यावरील जकातीचा इतिहास कोणास आठवावा? तथापि त्या इतिहासाचें एक पान याच गांवाजवळ लिहिलें गेलें आहे.

पोर्तुगीज येण्यापूर्वीं आपल्या समुद्रावर वहिवाट साधी होती. गलबत ज्या बंदरास लागे तेथील राजास जकात द्यावी. खुल्या दर्यावर मात्र कोणाची मालकी नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीजांनीं ही वहिवाट मोडून ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना सुरू केला. त्यांत नाखव्याचें नांव, जहाजाचा आकार, त्यावरील शस्त्रें व जाण्याचें ठिकाण नमूद असे. परवान्याचें शुल्क थोडें. खरी मेख पुढेंच होती. जहाजानें पोर्तुगीज ठाण्यास लागून जकात भरलीच पाहिजे, आणि परवाना नसल्यास जहाज मालासह जप्त! परवाना असला तरी अभय मिळेच असें नाहीं. १६१३ सालीं जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचें ‘रहीमी’ जहाज कार्ताझ जवळ असतांहि पकडलें गेलें.

शिवाजी महाराजांनीं आरमार उभारल्यावर या मक्तेदारीस उत्तर मिळूं लागलें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत यासंबंधीं स्पष्ट नियम आहेत. कौल घेतलेल्या सावकाराच्या तरांड्यास उपद्रव होऊं नये. कौल नसलेला परमुलखी सावकार आला तरी त्यास एकाएकीं लुटूं नये. अभय देऊन बंदरांत आणावें, हवें तें लांकूड-पाणी पुरवावें आणि रास्त जकात घ्यावी. व्यापारी टिकला तरच जकात टिकते, हें व्यवहारज्ञान त्यांत आहे.

पुढें कान्होजी आंग्र्यांनीं कोंकणच्या दर्यावर आपलें दस्तक चालविलें. इंग्रजांनीं तें घेण्याचें नाकारलें व कान्होजींस चांचे ठरविलें. दस्तकामागेंहि तोफेचा धाक होता, हें खरें. पण पोर्तुगीजांनीं केली ती सत्ता आणि आंग्र्यांनीं केली ती चांचेगिरी, हा न्याय कोणता? दुर्दैवानें १७५६ सालीं पेशव्यांनींच इंग्रजांचें साह्य घेऊन तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जळालें.

पश्चिम किनाऱ्याची ही कथा. पूर्वेकडे ओरिसाचा किनारा नागपूरकर भोंसल्यांकडे १७५१ पासून होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोटजवळील अडगांवीं जनरल वेलस्लीनें भोंसल्यांच्या फौजेचा मोड केला. पंधरवड्यानें गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें दुसऱ्या रघूजींस बालासोर बंदरासह कटक प्रांत इंग्रजांस द्यावा लागला. वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील त्यांचा हक्कहि गेला.

अशा रीतीनें, बालासोरची जकात कोणाच्या खजिन्यांत जावी हें वऱ्हाडच्या काळ्या मातींत ठरलें. पुढें याच मातीचा कापूस विलायतेस जाऊं लागला, तेव्हां बंदरावरील जकातीचे नियम करणारे परकेच होते. आपलें गलबत परक्याच्या बंदरांत नेल्यावर त्याचा कायदा पाळणें भागच आहे. आपल्याच बंदरांत परक्याचा कायदा पाळण्याची वेळ येणें, ही गोष्ट निराळी.