ठासणीपासून खडकीच्या काडतुसापर्यंत

१ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या लढाईत तळेगावचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे गोळी लागून पडले. समोर बाजीराव पेशव्यांची फौज होती. तेव्हाच्या बंदुका ठासणीच्या. दारू किती घालायची ते भरणाऱ्याच्या अंदाजावर असे, आणि अंदाज चुकून नळी फुटली तर तीही त्याच्याच तोंडावर.

तळेगावहून पुण्याकडे निघालेली लोकल दापोडी सोडून खडकीला लागते. दारूचा हा अंदाज माणसाच्या हातातून काढून घेणारा कारखाना इथलाच. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ ची. तिच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे कोरलेली असतात.

दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, ब्रिटिश लष्कराने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. मुठीखालचा लिव्हर ओढला की मागचा ठोकळा खाली जाई; काडतूस आत सरकवायचे, लिव्हर वर घ्यायचा, की बार तयार. एका काडतुसात साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. खांद्याला बसणारा धक्का जबर होता.

मग ३०३ बोअरची रायफल आली. जुन्या मार्टिनी फेकून देण्याऐवजी त्यांना ३०३ ची नळी बसवून पुन्हा कामाला लावले गेले. सांगाडा जुना, पोट नवे. गोम पुढेच होती. ३०३ चे पहिले काडतूसही काळ्या दारूचे, साधारण साडेचार ग्रॅमचे. काही वर्षांतच तिची जागा कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूने घेतली आणि अवघे दोन ग्रॅम कॉर्डाइट गोळी जास्तच वेगाने फेकू लागले. कॉर्डाइटच्या आचेने ३०३ च्या पहिल्या, मेटफर्ड नळीतले उथळ आटे झिजून जात, म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची एनफील्ड नळी आणावी लागली. जुन्या मापाने नवी दारू मोजणाऱ्याचे काय झाले असते, ते वेगळे सांगायला नको.

हिंदुस्थानातला सर्वांत फसवा बदल पोलिसांच्या मस्केटचा. ३०३ रायफलची नळी आतून गुळगुळीत करून तिला ४१० मस्केट म्हटले गेले. तिचे काडतूस ३०३ च्याच पितळी पुंगळीची मान सरळ करून बनवलेले. दुकानात मिळणारे ४१० शॉटगनचे काडतूस वेगळे. आकडा एकच, पण चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, एक नाही.

सरकारला भीती वेगळीच होती: शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या लष्करी बंदुकांत जातील. म्हणून १९०७ च्या सुमारास शिकाऱ्यांच्या ४५० बोअरवर बंदी आली. इंग्रज कारागिरांनी उत्तरादाखल ४७० सारखी नवी मापे काढली. खासगी माणसाला ३०३ ही वर्ज्य, त्यामुळे परवानेधारकांसाठी ३१५ आली. तिचे काडतूस मूळ ऑस्ट्रियन मानलिखेर रायफलचे. आपल्याकडे गावोगावच्या परवानेधारकांच्या तोंडी 'तीनशे पंधरा' हा शब्द बसला तो असा.

वाड्याच्या माळ्यावर आजोबांची मार्टिनी सापडलीच, तर तिच्या अंगावरचे राणीचे चिन्ह आणि साल फक्त जन्म सांगतात. आत आज कोणते काडतूस बसते ते सांगत नाहीत. ते जाणकार बंदूकसाजाकडून चेंबर मोजून घेतल्यावरच कळते. तोवर तिच्यात काहीही भरू नका, आणि परवान्याची चौकशी आधी पोलीस ठाण्यात करा. शस्त्र कायदा १९५९ वारशाने आलेल्या बंदुकीलाही लागू आहे.