सिद्धगडाची बातमी

मराठी वर्तमानपत्रांच्या स्वातंत्र्याचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे संपादकांचीं नांवें प्रथम ओठांवर येतात, व तें योग्यच आहे. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं टिळक व आगरकर यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढले. १८९७ मध्यें टिळकांस अठरा महिन्यांची व १९०८ मध्यें सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच सालीं ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांस एकोणीस महिन्यांची शिक्षा ठोठावण्यांत आली. हे खटले उघड न्यायालयांत चालले, आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा असलेला पुरुष कोण हें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक होतें. परंतु अग्रलेख लिहिला जाण्यापूर्वीं बातमी यावी लागते, व ती कोणी तरी धाडावी लागते. हा धाडणारा मनुष्य बहुधा एखाद्या तालुक्याच्या गांवीं राहतो, आणि ‘आमच्या बातमीदाराकडून’ या दोन शब्दांपलीकडे त्याची ओळख वाचकांस होत नाहीं. इतिहासानें त्याला विसरावें हें समजण्यासारखें आहे. सरकारी अंमलदार मात्र त्याला विसरले नव्हते.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया तलावाच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव होत होता. त्याच दिवशीं हिंदुस्थान सरकारनें संरक्षण नियमांखालीं एक हुकूम काढला. चळवळीसंबंधीं, अथवा ती मोडण्यासाठीं सरकार योजील त्या उपायांसंबंधीं, कोणतीही घडलेली हकीकत छापावयाची तर ती तीनच वाटांनीं आलेली असावी: सरकारी सूत्रांकडून, हुकमांत नांवानिशीं सांगितलेल्या तीन वृत्तसंस्थांकडून, किंवा पत्राच्या नियमित नोकरींत असलेल्या व जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या दप्तरीं नांव नोंदविलेल्या बातमीदाराकडून.

ही शेवटची अट वाचतांना साधी वाटते. ठाणें जिल्ह्याच्या अंतर्भागांत तिचा अर्थ काय होत होता हें पाहिलें म्हणजे तिच्यांतील मेख ध्यानांत येते. शहापूर तालुक्यांतून आगगाडी जाते, आसनगांव, खर्डी, कसारा हीं तिचीं स्टेशनें. मुरबाडास आगगाडीच नाहीं. अशा ठिकाणीं मुंबईपुण्याचें पत्र पगारी मनुष्य कोठून ठेवणार? एखादा मास्तर, एखादा वकिलाचा कारकून, एखादा दुकानदार फावल्या वेळीं चार ओळी लिहून टपालांत टाकी, एवढीच काय ती व्यवस्था. त्याला ‘नियमित नोकरींत’ कसें म्हणावें? आणि उद्यां गांवांत कांहीं झालें तर प्रथम कोणास बोलावून दरडवावयाचें, याची यादी त्यानें स्वतःच्या हातानें अंमलदारांस कां द्यावी? संपादकावर खटला भरला तर लेख निघून गेल्यावर शिक्षा होते. येथें बातमी जन्मास येण्याच्या ठिकाणींच अडविण्याची सोय होती. हुकूम लिहिणारा मोठा जाणता असला पाहिजे.

त्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीपासून याच डोंगराळ मुलखांत ‘आझाद दस्ता’ काम करूं लागला. त्याचे पुढारी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे माथेरानचे, नाभिक कुटुंबांत १९१२ सालीं जन्मलेले, वकिलीचें शिक्षण घेतलेले गृहस्थ. मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविणाऱ्या तारांचे लोखंडी मनोरे रात्रीं कापून पाडावयाचे, हें दस्त्याचें मुख्य काम. पोलिस मागावर लागले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत गोळीबार होऊन भाई कोतवाल व त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटील ठार झाले. कोतवालांचें वय तीस होतें.

या गोळीबाराची हकीकत लिहिणार कोण? पोलिसांचा अहवाल सरकारकडे जावयाचा. दस्त्यांतील जे वांचले त्यांनीं तोंड उघडलें तर गजाआड जावयाचें. रानांतल्या वाड्यांतील ठाकूर व कोळी यांस लिहितां येत नव्हतें, आणि येत असतें तरी त्यांचें कोण छापणार होतें? दप्तरीं नोंदलेला बातमीदार असता, तर ज्या जिल्ह्याच्या पोलिसांनीं बंदुका चालविल्या त्याच जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडे त्याचें नांव असतें. संपादक परिषदेनें मध्यंतरीं सरकारशीं बोलणीं करून कांहीं बंधनें सैल करून घेतलीं होतीं, हें खरें. पण तालुक्याच्या गांवीं बसलेली दहशत दिल्लीच्या बोलण्यांनीं एका दिवसांत उठत नसते. मुंबईकरांच्या नळाला शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी रोज येत होतें. ज्या डोंगरांतून तें पाणी येतें तेथील बातमीला मात्र तितकी सरळ वाट नव्हती.

एक वेगळी वाट कांहीं दिवस उघडली होती. उषा मेहता व त्यांचे सोबती यांनीं ऑगस्ट १९४२ मध्यें मुंबईंत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला, आणि वर्तमानपत्रांस जें छापण्याची चोरी होती तें त्यानें लोकांच्या कानांवर घातलें. चांदा जिल्ह्यांतील चिमूर व वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथील हकीकती त्यांतच होत्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं तें केंद्र पकडलें. सिद्धगडावर गोळ्या झडल्या तेव्हां तो आवाज बंद होऊन सात आठवडे झाले होते.

चिमूरची गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं तेथें जमावानें सरकारी अधिकाऱ्यांस ठार केलें, व मागाहून आलेल्या लष्कर-पोलिसांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी उठल्या. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनीं नोव्हेंबरांत उपोषण आरंभिलें, तर त्या उपोषणाची बातमीही छापूं नये अशी बंदी झाली. तेव्हां मात्र संपादक खवळले. सरकारी पदव्यांच्या याद्या व सरकारी भाषणें छापावयाचीं नाहींत असें त्यांनीं ठरविलें, आणि ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील वर्तमानपत्रांनीं हरताळ पाळला. १२ जानेवारीस तडजोड होऊन त्रेसष्ट दिवसांचें उपोषण सुटलें व बंदीही उठली. संपादकांनीं दाखविलेली ही एकजूट खरोखर गौरवास्पद होती. पण सिद्धगडाच्या गोळीबारास त्या हरताळाच्या दिवशीं चारच दिवस झाले होते, आणि त्याच्यासाठीं प्राण पणास लावून बसलेला कोणी नामांकित पुरुष नव्हता. आज २ जानेवारीस सिद्धगडावरील स्मारकापाशीं लोक जमतात. त्या पहाटेची कथा सांगितली जाते, व तपशील सांगणाऱ्यागणिक थोडाथोडा बदलतो. वेळेवर लिहून न ठेवलेल्या गोष्टीचें असेंच होतें.

स्वराज्यांत घटनेनें भाषणस्वातंत्र्य दिलें. १९७५ च्या आणीबाणींत छापण्यापूर्वीं मजकूर दाखविण्याची सक्ती पुन्हां आली, आणि १९७७ मध्यें गेली. तालुक्याच्या बातमीदारास आतां मॅजिस्ट्रेटच्या वहीपेक्षां वेगळें भय आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील राजापूर येथें शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीस मोटारीनें चिरडलें व दुसऱ्या दिवशीं त्यांचा अंत झाला. तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादांतील त्यांची बातमी त्याच दिवशीं छापून आली होती. पोलिसांनीं खुनाचा गुन्हा नोंदविला. शहापूर तालुक्यांतूनही समृद्धी महामार्ग गेला आहे, आणि जमिनीच्या व्यवहाराविषयीं लिहिणें हें तेथेंही कांहीं सोपें काम नव्हे.

पत्रकारांवरील हल्ल्यांसाठीं महाराष्ट्रानें २०१७ मध्यें स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, व उपअधीक्षकाहून खालच्या नसलेल्या अधिकाऱ्याकडून तपास, अशी त्यांत तरतूद आहे. कायदा चांगला आहे. मात्र त्याच्या व्याख्येंत बसणारा मनुष्य तो, कीं ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता असून जो नियमित अथवा कराराच्या नोकरींत आहे. खेड्यापाड्यांतले पुष्कळसे बातमीदार आजही सकाळीं दुकान उघडतात किंवा शेतावर जातात, व दुपारीं बातमी पाठवितात. त्यांच्या खिशांत पत्राचें ओळखपत्र असतें. नेमणुकीचा कागद बहुधा नसतो.