विडीचा हजार आणि देशाचे शंभर

देशाचे औद्योगिक उत्पादन वाढले असे वर्तमानपत्र सांगते, तेव्हा ते मोजले कसे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. कापडाचे वार, मँगनीजचे टन आणि विडीचे हजार यांची बेरीज होत नाही. म्हणून एक पायाभूत वर्ष घेतात, त्या वर्षीचे उत्पादन 100 मानतात आणि प्रत्येक धंद्याला त्याच्या मोलाप्रमाणे भार देतात. समजा, देशात दोनच धंदे आहेत. एकाचा भार 90, दुसऱ्याचा 10. लहान धंद्याने उत्पादन दुप्पट केले आणि मोठा होता तिथेच राहिला, तर निर्देशांक 110 होतो. लास्पेअर या जर्मन पंडिताने 1871 साली किमतींसाठी मांडलेल्या रीतीचेच हे रूप. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. पण त्रैराशिक येणाऱ्याला एवढे कळते.

आपल्याकडे 1937 हे पायाभूत वर्ष धरून प्रथम 15 उद्योगांचा तात्पुरता निर्देशांक निघाला. पुढे 1946 आले. 1951 च्या मालिकेत वीज आली आणि वस्तू 88 झाल्या. 2011-12 च्या मालिकेत वस्तुगट 407 होते. भार खाणींना 14.37, कारखानदारीला 77.63, विजेला 7.99.

परंतु यादीच्या आधीचा प्रश्न असा की, कारखाना म्हणायचे कशाला? 1948 च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत 10 आणि विजेविना 20 कामगार ही मर्यादा घातली. 1959 पासूनची उद्योगांची वार्षिक पाहणी याच मर्यादेवर उभी राहिली, आणि कारखानदारीच्या आतले भार ठरवताना तिचाच आधार घेतला गेला.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. विलायती कंपनीचा अंमल असो की 1962 नंतरची भारतीय कंपनी असो, तिथला दगड टनाटनाने वहीत चढत आला. विडीचे तसे नाही. सट्टेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू देतो, बाई घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. तिची ओसरी 20 माणसांची कधी होणार? हजार माणसे काम करतात आणि कायद्याला कारखाना दिसत नाही! मजुरीच्या बोलणीला आम्ही बसलो की समोरून पहिला सवाल येई, "तुमचे कामगार आहेत तरी किती?" मोजणीबाहेर राहिलेल्याची मागणीही मोजणीबाहेर राहते, हे आम्ही तिथे शिकलो.

न्यायालयातही हाच वाद गेला. 1958 मध्ये सागरच्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार ठरवले, कामगार नव्हेत. 1960 मध्ये नागपूरकडील खटल्यात मात्र कारखान्यात बसून नगावर विड्या वळणारे कामगार ठरले, मग ते मर्जीने येत-जात असले तरी. घरी वळणारी बाई बाहेरच राहिली. तिला कामगार म्हटले ते विडी व सिगार कामगारांच्या 1966 च्या कायद्याने.

मोजणीचा आणखी एक झगडा घरात होता. बाईने हजार विड्या मोजून द्यायच्या, छाटणीत काही बाद व्हायच्या, आणि बाद झालेल्या विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत. कच्चा माल किती दिला, विड्या बाद का केल्या, बाद विड्यांची मजुरी कोणी द्यायची, हे तिन्ही तंटे त्याच कायद्याच्या 39 व्या कलमात निवाड्यासाठी आले.