फडावर जाण्याआधीची सुई

१९५४ साली आयर्न डेक्स्ट्रानचं इंजेक्शन आलं. कमरेत टोचायचं, दुखायचं, कातडीवर तपकिरी डाग राहायचा. पुढे आयर्न सुक्रोज सलाइनमधून शिरेत जाऊ लागलं. पण एका खेपेत भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. गोची इथेच. बीडची ऊसतोड बाई दिवाळीच्या सुमारास फडावर निघते आणि तिथे एक दिवस चुकला की मुकादम खाडा कापतो. अंगावरून जास्त जातंय? मग गर्भाशयच काढा! २०१९च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं काढलेलं निघालं. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोजचा १,००० मिलिग्रॅमचा डोस १५ मिनिटांत शिरेत जातो. गाडी भरण्याआधी, तालुक्याच्याच दवाखान्यात तो देता येतो.