भाऊसाहेबांचा तोतया

अमेरिकेंत १८६९ सालीं कार्डिफ गांवीं विहीर खणतांना एक 'पाषाणमानव' निघाला. पुढें तो मुद्दाम पुरलेला जिप्समचा पुतळा ठरला, तरी पैसे मोजून पाहणारांची रीघ आटली नाहीं. आमच्याकडील तोतयेगिरी इतकी स्वस्त नव्हती.

१४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. परंतु पार्वतीबाईंनीं तें मानलें नाहीं, सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. आमच्या मतें तोतयाचें खरें भांडवल चेहऱ्याचें साम्य नव्हे, तर ही आशा होय. आणि ती एका वाड्यापुरती नव्हती. पानिपतावरून न परतलेला पुरुष ज्या घरचा, तें प्रत्येक घर भाऊंचीहि वाट पाहत असावें.

बुंदेलखंडांतील तो कनोजी ब्राह्मण थोरल्या माधवरावांच्या अमदानींत तोतया ठरून कैदेंत पडला होता. १७७६ त रत्नागिरीच्या सुभेदारानेंच, रामचंद्र नाईक परांजप्यानें, त्यास सोडविलें! सवाई माधवराव तेव्हां दोन वर्षांचे. कारभाऱ्यांवर रुष्ट असलेल्यांस भाऊ हवेच होते. कोंकणांतील किल्ले भराभर त्याच्या हातीं गेले. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला; समुद्रमार्गें पळतांना तो आंग्ऱ्यांच्या हातीं सांपडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यांत त्यास देहान्त शासन झालें.

पार्वतीबाई १७८३ त वारल्या. तोंपर्यंत त्यांचें कुंकू तसेंच होतें.